दाब उतरला, पण कशाच्या तुलनेत?

नर्सिंग, फिजिओथेरपी, समाजवैद्यक किंवा योगशास्त्रात संशोधन करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांशी बोलताना एक विषय हमखास निघतो: गरोदर स्त्रियांच्या रक्तदाबावर योगिक दीर्घश्वसनाचा परिणाम. विषय चांगला आहे. खर्च नाही, औषध नाही, आणि बायकांना तो परकाही वाटत नाही. आराखडाही बहुतेक वेळा ठरलेला असतो. तपासणीला येणाऱ्या तीस-चाळीस गरोदर बायका घ्यायच्या, बीपी मोजायचं, काही आठवडे रोज दीर्घश्वसन करायला लावायचं, पुन्हा बीपी मोजायचं, आणि आधीच्या-नंतरच्या आकड्यांतला फरक काढायचा.

या आराखड्याला जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो बराचसा आपल्याच भागात घडला आहे. त्यात लोकांनी काय मोजलं, कशाशी तुलना केली आणि कुठे फसगत होऊ शकत होती, हे माहीत असेल तर तुमचा प्रबंध लिहिताना खूप मनस्ताप वाचेल. म्हणून आजची पोस्ट.

घाटाखाली आणि घाटावर

समजा, हा अभ्यास तुम्ही लोधिवलीला करायचं ठरवलं. लोधिवली म्हणजे खालापूर तालुक्यातलं, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचं गाव. रस्त्यालगत धीरूभाई अंबानी हॉस्पिटल, पलीकडे रसायनी-पाताळगंगेचा कारखान्यांचा पट्टा, आणि आत गेलात की भातशेती आणि ठाकूर-कातकरी समाजाच्या वाड्या. इथून पुण्याच्या दिशेने निघालात की चौक, खालापूर, खोपोली लागतं, मग बोरघाट चढून खंडाळा आणि लोणावळा. योगाच्या श्वसनक्रिया यंत्रांनी मोजायच्या, ही कल्पना जिथे संस्था म्हणून उभी राहिली ते कैवल्यधाम याच लोणावळ्यात आहे. त्यामुळे गोष्ट घाटावरून सुरू होते. पण तिथे पोचण्याआधी, मोजायचं साधन कधी आलं ते बघू.

आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र हा होता. पण त्या वेळी गरोदर बाईचं बीपी दवाखान्यात सहज मोजता येईल असं काही साधनच नव्हतं. दंडाला पट्टा बांधून हवा भरायची आणि पाऱ्यावर दाब वाचायचा, ही रीत इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये मांडली. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये वाकेझ आणि नोबेकूर यांनी नोंदवलं की, बाळंतपणाच्या सुमारास झटके येणाऱ्या स्त्रियांचा दाब चढलेला असतो. १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी स्टेथोस्कोपने आवाज ऐकून वरचा आणि खालचा असे दोन्ही आकडे काढायची पद्धत दिली. आज उपकेंद्रातली नर्सबाई दंडावर स्टेथो ठेवून ऐकते ते हेच आवाज.

कुवलयानंदांचं काम

जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६), यांनी बडोद्याला राजरत्न माणिकरावांकडे व्यायामाचे धडे घेतले आणि नर्मदाकाठच्या मालसरला परमहंस माधवदासजींकडे योग शिकला. काही वर्षं त्यांनी खानदेशात अमळनेरला शिक्षणाचं काम केलं. उड्डियान आणि नौली करताना पोटात नेमकं काय होतं, हे बडोद्याच्या रुग्णालयात एक्स-रेच्या मदतीने पाहण्यापासून त्यांच्या प्रयोगांची सुरुवात झाली. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिक सुरू केलं. सर्वांगासन आणि मत्स्यासन करताना रक्तदाब किती बदलतो, हे त्यांनी १९२६ च्या सुमारास मोजून त्यात छापलं.

त्यांच्या कामातली एक गोष्ट आपल्या विषयाला थेट लागू पडते. ‘दीर्घ श्वास घेतला की ऑक्सिजन जास्त मिळतो, म्हणून फायदा होतो’ हे आपण आजही सगळीकडे ऐकतो. गरोदर बायकांना तर ‘बाळाला जास्त ऑक्सिजन जातो’ असं आवर्जून सांगतात. कुवलयानंदांनी १९३० च्या दशकातच प्राणायामातले वायू मोजून दाखवलं की, प्राणायामाचं महत्त्व जास्तीच्या ऑक्सिजनमध्ये नाही. ते इतरत्र, मज्जासंस्थेवरच्या परिणामात शोधावं लागेल. आजच्या शरीरशास्त्रातूनही हेच दिसतं. निरोगी माणसाच्या धमनीतलं हिमोग्लोबिन साध्या श्वासानेच ९५ टक्क्यांच्या वर भरलेलं असतं. त्यात भर घालायला जागाच फारशी नसते. म्हणून तुमच्या प्रबंधाच्या प्रस्तावनेत ऑक्सिजनचं वाक्य आलं असेल तर ते आधी खोडा.

मग दाबाशी संबंध कुठून येतो? मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या धमन्यांच्या भिंतींत ताण ओळखणाऱ्या मज्जातंतूंची टोकं असतात. दाब वाढला की ती मेंदूला कळवतात आणि मेंदू हृदयाचा वेग कमी करतो, रक्तवाहिन्या सैल सोडतो. मिनिटाला साधारण सहा श्वास घेतले, म्हणजे एक श्वास दहा सेकंदांचा झाला, तर श्वासाची लय आणि या यंत्रणेची स्वतःची लय जुळते आणि यंत्रणा जास्त चांगलं काम करते. इटलीच्या लुचियानो बेर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलं की, जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना म्हणा किंवा योगातला मंत्र म्हणा, दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हाच परिणाम दिसतो. म्हणजे दीर्घश्वसनाने दाब थोडा उतरू शकतो, याला शरीरशास्त्रात आधार आहे. प्रश्न आहे तो किती, किती काळ, आणि कशाच्या तुलनेत, हा.

१९२७: एका रुग्णाचं उदाहरण

मार्च १९२७ मध्ये कोल्हापूर-निपाणी भागाच्या दौऱ्यात महात्मा गांधी आजारी पडले. रक्तदाब खूप वाढला होता. दौरा थांबवून ते आधी आंबोलीला आणि मग म्हैसूर संस्थानातल्या नंदी टेकडीवर विश्रांतीला गेले. या काळात कुवलयानंदांशी त्यांचा पत्रव्यवहार चालू होता आणि त्यांच्या सल्ल्याने गांधींनी काही आसनं करून पाहिली.

आता संशोधक म्हणून याकडे बघा. गांधींना आराम पडला, हे खरं. पण त्या काही आठवड्यांत किती गोष्टी एकदम बदलल्या? रोजची भाषणं बंद झाली. प्रवास थांबला. हवा थंड झाली. झोप मिळाली. डॉक्टर जवळ होते. आणि आसनंही झाली. यातलं श्रेय नेमकं कुणाला द्यायचं? एकाच माणसाच्या आधीच्या-नंतरच्या आकड्यांवरून हे ठरवता येत नाही. त्यात कुणाचा दोष नाही. तो त्या पद्धतीचाच मर्यादित आवाका आहे. आपल्या तीस-चाळीस बायकांच्या अभ्यासाचंही हेच होतं; फक्त एकाच्या जागी चाळीस जणी असतात.

परळ आणि लंडन

पुढचा टप्पा मुंबईचा. केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांचे सहकारी यांनी १९६९ मध्ये शवासनावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहकाऱ्यांत लोणावळ्याच्या परंपरेतले विनेकरही होते. उच्च रक्तदाबाचे ४७ रुग्ण घेतले. त्यांना शवासनात पडून संथ, लयबद्ध, पोटाने श्वास घ्यायला शिकवलं. औषध न घेणाऱ्यांच्या गटात सरासरी दाब १३४ वरून १०७ मिमी पाऱ्यावर आला. औषध घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे डोस कमी करता आले. हा अभ्यास जगभर उद्धृत झाला आणि तो मान त्याला मिळायलाच हवा. पण तुलना होती ती त्याच रुग्णांच्या आधीच्या आकड्यांशी.

लंडनमध्ये प्रॅक्टिस करणाऱ्या डॉ. चंद्रा पटेल यांनी १९७३ मध्ये २० रुग्णांवर योगिक शिथिलीकरण आणि बायोफीडबॅक वापरून असाच अभ्यास केला. त्यांना लगेच आक्षेप ऐकावा लागला: तुलनागट कुठे आहे? त्यांनी आक्षेप मनावर घेतला आणि १९७५ मध्ये नॉर्थ यांच्याबरोबर ३४ रुग्णांची यादृच्छिक विभागणी करून, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, चाचणी केली. आकडे वहीत लिहून ठेवा. योग-गटाचा सरासरी दाब १६८/१०० वरून १४१/८४ झाला. तुलनागटाचा १६९/१०१ वरून १६०/९६.

तुलनागटाला शिथिलीकरण शिकवलेलं नव्हतं. तरी त्यांचाही दाब ९/५ ने उतरला. का? यंत्राची सवय झाली, डॉक्टरची भीती गेली. शिवाय ज्यांचा आकडा सुरुवातीला जास्त आला म्हणून त्यांना निवडलं, त्यांचा पुढचा आकडा सरासरीकडे परत येतोच. योग-गटात २७/१६ उतरला, त्यातला एवढा भाग योगाचा नव्हता. उरलेला साधारण १८/११ हा खरा परिणाम. तो चांगला मोठा आहे. पण तुलनागट नसता तर पटेलबाईंनी पूर्ण २७/१६ योगाच्या नावावर लिहिले असते, आणि कुणाला ते चुकीचं ठरवताही आलं नसतं.

गरोदरपणात आकडा आपोआप हलतो

आतापर्यंतचे रुग्ण गरोदर नव्हते. गरोदरपणात ही अडचण कितीतरी वाढते, कारण तिथे दाब काहीही न करता बदलतो. दिवस राहिले की रक्तवाहिन्या सैलावतात. पहिल्या तिमाहीतच दाब उतरायला लागतो, मधल्या महिन्यांत सर्वांत खाली जातो, आणि शेवटच्या तिमाहीत हळूहळू चढून मूळ पातळीच्या जवळ येतो.

आता आपला आराखडा या वक्रावर ठेवून पाहा. दहाव्या आठवड्यात दीर्घश्वसन सुरू केलं आणि विसाव्या आठवड्यात मोजलं, तर दाब उतरलेला दिसेल. तो दीर्घश्वसन न करताही उतरला असता. उलट चोविसाव्या आठवड्यात सुरू करून छत्तिसाव्यात मोजलं, तर दाब चढलेला दिसेल. तेव्हा कदाचित दीर्घश्वसनाने चढ कमी झालेला असेल, पण तुम्ही लिहाल ‘परिणाम आढळला नाही’. एकाच पद्धतीतून दोन उलट निष्कर्ष निघतात, आणि दोन्ही चुकीचे.

मोजण्याच्या जागेचाही सापळा आहे. गरोदर बाईला डाव्या कुशीवर झोपवून दीर्घश्वसन करायला लावतात, आणि ते योग्यच आहे. पण त्याच स्थितीत वरच्या, म्हणजे उजव्या दंडाला पट्टा बांधला, तर दंड हृदयाच्या वर राहतो. दर सेंटिमीटरला साधारण पाऊण मिमी आकडा खोटा कमी येतो. दंड दहा सेंटिमीटर वर असेल तर सात-आठ मिमी गेले. कितीतरी प्रबंधांतला एकूण ‘परिणाम’ एवढाच असतो!

शवासनाचं आणखी वेगळं. शेवटच्या महिन्यांत बाई उताणी झोपली की गर्भाशयाचा भार शरीराच्या खालच्या भागातलं रक्त हृदयाकडे नेणाऱ्या मोठ्या शिरेवर पडतो. हृदयाकडे रक्त कमी येतं, दाब घसरतो, कुणाला घेरीही येते. हा दाब ‘उतरला’ म्हणून आनंद मानायचा नाही. परळच्या अभ्यासातलं शवासन जसंच्या तसं गरोदर बाईला देता येत नाही, ते यामुळे. श्वास कोंडून धरणारे कुंभक आणि कपालभाती-भस्त्रिकेसारख्या जोरकस क्रियाही गरोदरपणात टाळतात.

म्हणून शिस्त साधी ठेवा. बाई खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसलेली. दंड हृदयाच्या पातळीवर. दंडाच्या घेराला साजेसा पट्टा. दोन वेळा मोजणं. मोजणाऱ्या व्यक्तीला कोण कुठल्या गटात आहे हे माहीत नसावं. आणि नोंदी १२०, १३०, १४० अशा शून्यावरच संपायला लागल्या, तर समजा की वाचन अंदाजे चाललंय.

बंगळुरूच्या दोन चाचण्या

गरोदरपणात योगावर चांगले अभ्यास आहेत का? आहेत. बंगळुरूच्या गुणशीला रुग्णालयात केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. १८ ते २० आठवड्यांच्या ३३५ स्त्रिया होत्या. १६९ जणींनी रोज तासभर आसन-प्राणायाम-ध्यान केलं, १६६ जणींनी दिवसातून दोनदा अर्धा तास चालणं. योग-गटात गरोदरपणातला उच्च रक्तदाब कमी जणींना झाला. तुलनागटाला ‘काहीच नको’ न देता चालायला लावलं, ही यातली शिकण्यासारखी गोष्ट. पण गट वय वगैरे जुळवून केले होते, यादृच्छिक नव्हते. २०१२ मध्ये बंगळुरूहूनच जास्त धोका असलेल्या ६८ स्त्रियांवर यादृच्छिक चाचणी आली, आणि तिथेही योग-गटात दाबाशी संबंधित गुंतागुंत कमी दिसली. दिशा आशादायक आहे. पण ६८ ही संख्या लहान आहे. आणि दोन्हीकडे आसन, श्वसन, ध्यान एकत्र दिलं होतं. फक्त दीर्घश्वसनाचा वाटा किती, हे त्यातून वेगळं काढता येत नाही. तुमच्या अभ्यासाला जागा आहे ती नेमकी इथे.

वाडीवरच्या बाईला काय सांगायचं?

हा वाद फक्त संख्याशास्त्राचा नाही. विसाव्या आठवड्यानंतर दाब १४०/९० किंवा त्याहून जास्त भरला, लघवीत प्रथिनं सापडली किंवा यकृत, मूत्रपिंड, रक्तबिंबिका अशा कशावर परिणाम दिसला, तर त्याला प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात. त्याचं मूळ वारेत असतं. वारेला रक्त पुरवणाऱ्या आईच्या रक्तवाहिन्या हव्या तशा रुंद होत नाहीत आणि त्याचे परिणाम आईच्या सगळ्या शरीरावर उमटतात. चढलेला दाब हे त्याचं एक लक्षण. श्वासाने आकडा पाच मिमीने खाली आला, तरी वार बदलत नाही. डोकं खूप दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, पोटाच्या वरच्या भागात दुखणं अशा वेळी बाईला लगेच रुग्णालयात न्यायचं असतं. २००२ च्या ‘मॅगपाय’ चाचणीत ३३ देशांतल्या दहा हजारांहून जास्त स्त्रिया होत्या, आणि मॅग्नेशियम सल्फेटने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला. वेळेवर पोचलेल्या बाईला हे इंजेक्शन मिळतं. ‘आधी घरी दीर्घश्वसन करून बघू’ म्हणत थांबलेल्या बाईला ते मिळत नाही.

तुमच्या प्रबंधातलं ‘दीर्घश्वसनाने रक्तदाब लक्षणीय कमी होतो’ हे वाक्य उद्या कुठल्यातरी माहितीपत्रकात जाईल, तिथून आशाताईंच्या बैठकीत, तिथून वाडीवर. वाटेत ‘सौम्य दाब असेल तर’, ‘औषधासोबत’, ‘तपासणी न चुकवता’ ही शेपटं गळून पडतात. म्हणून ती निष्कर्षाच्या वाक्यातच घट्ट बांधून ठेवायची.

मग आराखडा कसा करायचा?

लोधिवलीकडे परत येऊ. लावणीच्या दिवसांत दिवसभर चिखलात वाकून काम करणारी बाई तुमच्या अभ्यासात आली. तुम्ही तिला रोज वीस मिनिटं बसवून दीर्घश्वसन करायला सांगितलं आणि तिचा दाब उतरला. तो श्वासाने उतरला की वीस मिनिटं कुणी काम न सांगता बसायला मिळालं म्हणून? हे वेगळं करायचं तर तुलनागटातल्या बाईलाही तेवढाच वेळ, तशाच खोलीत, तितक्याच आपुलकीने बसवायला हवं. फक्त श्वास नेहमीचा. दोन्ही गटांचे गर्भाचे आठवडे सारखे हवेत. विभागणी चिठ्ठीने हवी. औषधं आणि नेहमीची तपासणी दोन्हींकडे चालू हवी, आणि आकडा कितीवर गेला की अभ्यास थांबवून डॉक्टरांकडे पाठवायचं, हे आधीच लिहून ठेवलेलं हवं.

आणि कोण गळलं त्याची नोंद ठेवा. पावसाळ्यानंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर कामाला जातात. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात मोफत तपासणी असते, पण भट्टी दुसऱ्या तालुक्यात असेल तर ती बाई तुमच्या शेवटच्या मोजणीला येत नाही. शेवटपर्यंत येतात त्या रस्त्याजवळच्या, घरात मदतीला कुणीतरी असलेल्या बायका. त्यांचा दाब तसाही बरा असण्याची शक्यता जास्त. फक्त आलेल्यांचीच सरासरी काढली, तर दीर्घश्वसनाच्या नावावर भलतंच काही जमा होतं.

इतकं सगळं करून कदाचित फरक तीन-चार मिमीचाच निघेल. निघू दे. ‘तुलनागटापेक्षा एवढ्याने कमी’ असं तुम्ही लिहाल तेव्हा ते विधान गाईडसमोरही टिकेल आणि वाडीवरही. कुवलयानंदांनी ऑक्सिजनची लोकप्रिय समजूत मोजून बाजूला ठेवली, तेव्हा त्यांची योगावरची श्रद्धा कमी झाली नव्हती. पटेलबाईंनी आक्षेप ऐकून पुन्हा चाचणी केली, तेव्हा त्यांचा दावा कमजोर झाला नाही, उलट पक्का झाला. आराखड्याचा कागद गाईडकडे नेण्याआधी समासात एक प्रश्न पेन्सिलने लिहून ठेवा: दाब उतरला, पण कशाच्या तुलनेत? त्याचं उत्तर तुमच्याच कागदावर सापडलं, तर पुढे जायला हरकत नाही.